भाऊसाहेबांची वही

अगं चिमे, नोकरीचं अभिनंदन करून झालं, पेढेही खाऊन झाले. आता जरा कामाचं बोलू.

विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाचं काम, जामखेड तालुका, आणि पहिल्याच यादीत आपलं खर्डा. आई खूश आहे, पोरगी दुपारची घरी जेवायला येईल म्हणून. मी मात्र थोडी धास्तावलेय. परगावात तू 'कंपनीच्या मॅडम' असतीस. खर्ड्यात तू अण्णांची धाकटी. कालपरवा फ्रॉकात हुंदडणारी पोर सेक्रेटरी भाऊसाहेबांना हिशेब शिकवायला आली म्हटल्यावर चार तोंडांनी चर्चा होणारच. होऊ दे. पण त्या चर्चेत तुझ्या कामाचं बरंच काही बोललं जाईल, तेवढं कान देऊन ऐक.

परवा फोनवर म्हणालीस, "ताई, सॉफ्टवेअर चांगलंय गं, पण भाऊसाहेब वापरतच नाहीत. कॉम्प्युटरला घाबरतात." हे काही मला पटलं नाही. जो माणूस चहाचे पैसे फोनवरून देतो, पीक विम्याचं काय झालं ते स्वतः मोबाईलवर बघतो, तो बटणाला कशाला घाबरेल? त्यांचा दिवस एकदा नीट बघ. सकाळी वसुलीसाठी वस्तीवर चक्कर. दुपारी जिल्हा बँकेच्या शाखेत. मध्येच कुणी सातबारा आणि आठ-अ घेऊन नवीन कर्जासाठी उभा. पावती फाडायची, किर्दीत नोंद करायची, खतावणी करायची, महिनाअखेर तेरीज जुळवायची. वर शेजारच्या गावांच्या सोसायट्यांचा भार आहेच. एवढं करून संध्याकाळी बूड टेकलं की तू म्हणतेस, आता हेच सगळं परत इथं टाका. ते आकडे कुणाच्या कामाचे? जिल्हा बँकेच्या, सहायक निबंधकांच्या, नाबार्डच्या, पार दिल्लीच्या. भाऊसाहेबांच्या वाट्याला काय? डोळ्यांची आग.

तुला माझं सांगणं एवढंच आहे. कुठल्याही कार्यालयात नवीन प्रणाली आली की पहिल्यांदा विचारायचं, जो माणूस माहिती भरतो त्याच्या पदरात काय पडतं? वेग, सुरक्षा, रंगीत आलेख हे सगळं त्यानंतर.

तुमच्या योजनेचंच बघ. 29 जून 2022 ला केंद्राने मंजुरी दिली, देशातल्या 63,000 प्राथमिक सोसायट्या, 2,516 कोटी रुपये. संगणकाला पैसे आहेत, जुन्या नोंदी भरायला आहेत, प्रशिक्षणाला आहेत, अडचण आली तर मदतीला माणसं ठेवायलाही आहेत. सॉफ्टवेअर स्थानिक भाषेत हवं, हेही लिहिलंय. कागदावर तक्रारीला जागा नाही. पण 'भाऊसाहेबांची संध्याकाळ' असं शीर्ष कुठल्याच अंदाजपत्रकात नसतं, आणि सगळी प्रणाली उभी असते ती त्याच संध्याकाळवर.

तू एमसीएला हे शिकलीच असशील. डेलोन आणि मॅक्लीन या दोघांनी 1992 साली माहिती प्रणालीच्या यशाची मांडणी केली, 2003 मध्ये ती सुधारली. माहिती चांगली हवी, यंत्रणा चांगली हवी, सेवा चांगली हवी, मग लोक वापरतात, समाधानी होतात, आणि त्यातून फायदा होतो. त्याआधी 1989 मध्ये फ्रेड डेव्हिसने म्हटलं होतं की माणसाला ती गोष्ट उपयोगी वाटली पाहिजे आणि सोपी वाटली पाहिजे. परीक्षेला ठीक आहे. मला त्यातला सगळ्यात शहाणा वाटतो तो जोनाथन ग्रुडिन. त्याने 1988 मध्येच लिहून ठेवलं की अशा प्रणाली पडतात, कारण जादा काम एकाच्या गळ्यात आणि फायदा दुसऱ्याच्या घरात. आपल्याकडच्या कुठल्याही अव्वल कारकुनाने हे न वाचता सांगितलं असतं, ती गोष्ट वेगळी!

आता मी बसते त्या टेबलाची गोष्ट ऐक. संगणक यायच्या आधीची आहे, पण तुझ्या कामाची आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या नगरला अनिलकुमार लखिना म्हणून जिल्हाधिकारी होते. सरकारी कचेरीत तेव्हा कागद शोधणं हाच निम्मा दिवस असायचा. गठ्ठ्यावर गठ्ठे, रुमालात बांधलेले, कपाटावर, कपाटामागे, टेबलाखाली. लखिनांनी दप्तराला शिस्त लावली. ज्याला आम्ही अजून 'लखिना पॅटर्न' म्हणतो, ते हेच. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे. प्रलंबित प्रकरणं एकात, दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघणारी प्रतीक्षाधीन दुसऱ्यात, ठरलेल्या तारखांना पाठवायची नियतकालिकं तिसऱ्यात, स्थायी आदेश चौथ्यात, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद पाचव्यात आणि नष्ट करायचे सहाव्यात. जुन्या कागदांचे वर्ग केले, अ, ब, क, ड. अ म्हणजे कायमचे जपायचे, ड म्हणजे वर्षभराने फाडायचे. 

यात यंत्र नाही, लाखोंचा खर्च नाही. तरी ती पद्धत राज्यभर गेली, आणि चाळीस वर्षांनी मी तिच्यावर काम करते. का टिकली? माझं मत सांगते. पद्धत राबवायला कष्ट कारकुनाचे, पण पहिला फायदाही कारकुनाचाच होता. साहेबांनी फाइल मागितली की हात बरोबर गठ्ठ्यावर जातो, बोलणी खावी लागत नाहीत. प्रतीक्षाधीनचा गठ्ठा वेगळा बांधला की कुणीही म्हणू शकत नाही, तुमच्याकडे काम पडून आहे. ते पडलंय दुसऱ्याकडे, आणि आपल्याकडे जावक क्रमांक आहे! कारकुनाला याचा किती आधार असतो, ते कारकुनालाच माहीत.

आणि हीच पद्धत काही ठिकाणी मेली पण. मी नोकरीला लागले त्या पहिल्या कार्यालयात, नाव नाही घेत, सहा गठ्ठे बांधले जायचे ते फक्त दप्तर तपासणीच्या आदल्या दिवशी. गठ्ठ्यांवर नवीन चिठ्ठ्या, नवीन सुतळी. तपासणी झाली की परत सगळं एकत्र. तिथं सहाही गठ्ठे तपासणाऱ्यासाठी होते, टेबलावर बसणाऱ्यासाठी एकही नाही. पद्धत तीच, चिठ्ठ्या त्याच, नमुना तोच. तुमच्या सॉफ्टवेअरचंही असंच होऊ शकतं. महिनाअखेरीला वरून फोन येतो, रातोरात नोंदी भरल्या जातात, आणि अहवालात 'कार्यान्वित' म्हणून टिकमार्क.

वारणेचं तू ऐकलंयस की नाही? 1998 साली वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प झाला. कोल्हापूर-सांगलीकडची सत्तर गावं, केंद्र आणि राज्याचा पैसा, वारणा समूहाचा वाटा. गावोगाव संगणक केंद्र. बेत मोठा होता, शेतीसल्ला, बाजारभाव, जमिनीच्या नोंदी, शिक्षण, आरोग्य, सगळं इंटरनेटवरून गावात. लोक बघायला यायचे. पण पुढं अभ्यास करणाऱ्यांनी पाहिलं तर त्या केंद्रांवर खरं काम चाललं होतं ते उसाचं. उसाची नोंद, तोडीची चिठ्ठी, किती टन गेला, किती पैसे झाले, खताची उचल किती. म्हणजे कारखान्याचा आणि सभासदाचा रोजचा व्यवहार. बाकीचं आश्वासन बऱ्याच अंशी कागदावर राहिलं. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी सात गावांत सुमारे आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाईल. शेतकऱ्याने एसएमएस करायचा, उत्तरात त्याचं टनेज, त्याची खताची उचल. चाललं! आणि स्वस्तात.

कुणी म्हणेल, प्रकल्प फसला. मी तसं म्हणणार नाही. लोकांनी त्या सगळ्या थाटातून आपल्या कामाची एक गोष्ट उचलली आणि तिला धरून ठेवलं. माझा ऊस किती गेला, हे शेतकऱ्याला कळायला हवंच होतं, बाजारभाव नाही कळला तरी चालत होतं. खर्ड्यात ती एक गोष्ट कुठली ते तू शोधून काढ. माझा अंदाज सांगू? बेबाकी दाखला आणि व्याजाचा हिशेब. मार्चअखेर जवळ आली की प्रत्येक सभासद एकच विचारतो, "भाऊसाहेब, माझ्याकडे एकूण निघतंय किती?" आज भाऊसाहेब खतावणी काढतात, पान शोधतात, कॅल्क्युलेटरवर दिवस मोजून व्याज लावतात, आणि समोरचा तोवर संशयाने बघत असतो. तो आकडा पडद्यावर एका क्षणात आला, मराठीत छापून हातात पडला, तर भाऊसाहेबांचं काम हलकं आणि त्यांच्यावरचा संशयही. तो कागद आधी चालू कर. साठा नोंदवही, सभेचं इतिवृत्त, आणखी काय काय असेल ते मागाहून.

आपल्या तालुक्याचं एक उदाहरण तर जगभर शिकवतात आणि आपणच विसरतो. जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायका आरोग्य सेविका झाल्या, त्यातल्या कितीतरी शाळेची पायरीही न चढलेल्या. कोण गरोदर, कुणाचं बाळ वाळतंय, कुणाला क्षयाचा खोकला, ही सगळी माहिती त्यांच्या तोंडपाठ. जामखेडला शिकायला यायच्या, आपल्या गावचं सांगायच्या, आणि शिकलेलं घेऊन त्याच गावात परत जायच्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं. त्या बायकांना कुणी 'डेटा एंट्री' शिकवली नव्हती. जिची माहिती त्या सांगत, ती शेजारीण होती, आणि सांगितल्यावर तिचं काही तरी भलं होत होतं. पुढं 2021 मध्ये अंगणवाडीताईंच्या हातात पोषण ट्रॅकर आलं, तेव्हा उलटं झालं. ॲप इंग्रजीतून, दिलेले मोबाईल अडकणारे, आणि कामाचा बोजा तसाच. राज्यभरातल्या ताईंनी ते मोबाईल सरकारला परत केले. त्यांनाही तेव्हा 'तंत्रज्ञानाला घाबरतात' म्हणणारे भेटले होतेच.

आता माहितीच्या दर्जाबद्दल. इथं तू जरा जास्त वेळ घाल, कारण सोसायटीत नाती तुटतात ती इथेच. जुन्या खतावणीत असतं 'तुकाराम भाऊ', सातबाऱ्यावर 'तुकाराम भाऊराव', आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच, आणि गावात त्या नावाचे आणखी दोघं. एकाचं थकीत कर्ज दुसऱ्याच्या नावावर चढलं की मिटवायला तुझी कंपनी येणार नाही, भाऊसाहेबांना त्याच्या ओट्यावर जाऊन बसावं लागेल. म्हणून जुनी शिल्लक भरताना नुसत्या वहीवर विसंबू नकोस. गटवार यादी छाप, भाऊसाहेबांसोबत बसून वाच, आणि शंका असेल तिथं सभासदाला बोलावून सही घे. आधीच्या ऑपरेटरने याद्या जुन्या मराठी फाँटमध्ये करून ठेवल्या असतील, तर त्या युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं मोडतात. 'क्षीरसागर' आणि 'ज्ञानदेव' ही नावं आधी तपास.

चुकीच्या बातमीची किंमत खर्ड्याला सांगायला नको म्हणा! 11 मार्च 1795 च्या लढाईत निजामाची फौज काही साधीसुधी नव्हती, फ्रेंच रेमंडच्या कवायती पलटणी होत्या. पण रात्री घोड्यांना पाणी शोधत आलेली मराठ्यांची एक लहानशी टोळी कुणाला दिसली, गोळी सुटली, आणि अंधारात अख्ख्या छावणीला वाटलं, हल्ला झाला. निजाम आपल्या गावच्या किल्ल्यात जाऊन बसला आणि तिथंच अडकला. खात्री न करता पुढं पाठवलेल्या एका बातमीने राज्याचं काय केलं बघ. तुझ्या यादीत तर हजारभर नावं असतील.

याद्यांचंच निघालं तर कर्जमाफीची दोन वर्षं आठव. 2017 चा शेतकरी संप आपल्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून सुरू झाला. जूनअखेर दीड लाखापर्यंतची माफी जाहीर झाली, आणि मग ऑनलाइन अर्ज. नवरा-बायको दोघं अंगठा द्यायला केंद्रावर रांगेत, सर्व्हर बंद, परत उद्या या. बँकांकडून 66 रकान्यांची माहिती मागवली. ती भरायची कुणी? हेच आपले सेक्रेटरी, रात्र रात्र बसून. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली, आणि मागून याद्यांतल्या चुका निघत राहिल्या, छाननी लांबत गेली. डिसेंबर 2019 मध्ये दुसरी कर्जमाफी आली, दोन लाखांपर्यंतची. त्या वेळी अर्जच ठेवला नाही. माहिती बँकेकडे आणि सोसायटीकडे होतीच, तिथूनच घेतली. 24 फेब्रुवारी 2020 ला पहिली यादी लागली, ती फक्त 68 गावांची. शेतकऱ्याने आधार घेऊन जायचं, रक्कम बघायची, बरोबर असेल तर अंगठा, नसेल तर तिथंच तक्रार नोंदवायची. दोन्ही वेळेला राज्य तेच, शेतकरी तेच, संगणकही साधारण तेच. कुणाचं राजकारण चांगलं हा वाद आपण अण्णांवर सोडू, ते रात्री बारापर्यंत घालतील. प्रणाली म्हणून बघायचं तर दुसऱ्या वेळी शेतकऱ्याला नवीन काही भरायला लावलं नाही, आधी थोड्या गावांत करून पाहिलं, आणि 'हे चूक आहे' म्हणायला त्याला एक बटण दिलं. मला या तिन्हीत शेवटचं सगळ्यात मोठं वाटतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकलेली नोंद दुरुस्त करायला किती परवानग्या लागतात? भाऊसाहेबांना ती स्वतः उलटवता येते, की पुण्याला कंपनीकडे मेल करावा लागतो? मेल करावा लागत असेल, तर ते काहीच भरणार नाहीत. आणि मी त्यांच्या जागी असते, तर मीही भरलं नसतं.

बाकी बारीकसारीक गोष्टी तुला येतीलच. मार्चमध्ये नवीन काही सुरू करू नकोस, वसुलीच्या धामधुमीत कुणी तुझ्याकडे बघणार नाही, आणि एप्रिल-मेमध्ये खरिपाच्या कर्जवाटपाची गर्दी. पावसाळ्यात पेरण्या उरकल्या की माणूस जरा मोकळा होतो, ते दिवस धर. लाइट जाते हे गृहीत धरून चाल, यूपीएसची बॅटरी स्वतः तपास. प्रशिक्षणाला सगळ्यांना जामखेडला हॉलमध्ये बोलावतात, चहा-बिस्किटं होतात, आणि प्रोजेक्टरवर जे बटण दिसतं ते गावाकडच्या पडद्यावर सापडत नाही. तू त्यांच्या टेबलाशी, त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून बस, आणि माऊस त्यांच्या हातात राहू दे. तुला घाई होईल. हात मागे बांधून बस, पण माऊस घेऊ नकोस. आणि चारचौघांत त्यांची चूक काढू नकोस. चेअरमन समोर असताना तर मुळीच नाही. त्या खुर्चीवर त्यांनी तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं काढलीत. त्यांना विचार, "भाऊसाहेब, हा व्याजाचा हिशेब तुम्ही कसा करता, मला दाखवा ना." ते दाखवतील तेव्हा सॉफ्टवेअरने केलेला हिशेब शेजारी ठेव. दोन्ही जुळले, तर त्या दिवसापासून ते गावाला सांगतील की मशीन बरोबर आहे. नाही जुळले, तर आधी मशीन तपास.

एक फोन नंबर मात्र पक्का लागतो. अडल्यावर उचलणारा, मराठीत बोलणारा, आणि "तिकीट रेझ करा" न म्हणणारा. कंपनीने दिला नाही तर भांडून घे. सुरुवातीचे महिने तो नंबर तुझाच असणार, हे आईला आत्ताच सांगून ठेव, म्हणजे जेवताना फोन वाजला की ती चिडणार नाही.

तुझे साहेब दर आठवड्याला विचारतील, किती सोसायट्या 'लाइव्ह' झाल्या? तो आकडा द्यावा लागेल, दे. पण स्वतःच्या डायरीत दुसराच आकडा ठेव, किती ठिकाणी किर्दीची वही बंद झाली. संगणक चालू होऊनही वही चालू असेल, तर अजून काही तरी राहिलंय. ती वही मागून घे आणि रकाने बघ. कुठल्या तरी पानाच्या कडेला भाऊसाहेबांनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं असेल, जामीनदाराचा नंबर, 'कांदा विकल्यावर देतो', 'मुलगी द्यायचीय, थांबा'. त्याला तुझ्या पडद्यावर जागा आहे का ते बघ, आणि नसेल तर पुण्याला मेल पहिला त्याचा कर.